८५ लाखांच्या फ्लॅटला ७४ लाखांची ऑफर: घ्यावी, नाकारावी की वाढवून मागावी?

प्रश्न थोडक्यात असा आहे. पुण्यात सिंहगड रस्त्यावर २ बीएचके, ६९० चौरस फूट कार्पेट (भिंतींच्या आतलं वापराचं क्षेत्र), २०१२ मध्ये सगळ्या खर्चासह ४० लाखांना घेतलेला. ११ लाख कर्ज बाकी. नोकरीमुळे कुटुंब नाशिकला गेलं, फ्लॅट चार महिने रिकामा आहे. मागणी ८५ लाखांची. बघायला बरेच येऊन गेले, पण पहिली ठोस ऑफर आली ती ७४ लाखांची. ब्रोकर म्हणतो, "देऊन टाका." घरचे म्हणतात, "फुकट द्यायचा का?"

दोघांचंही ऐकण्याआधी एक गोष्ट बाजूला ठेवा: ८५ हा आकडा. तो तुम्ही ठरवलेला आहे, बाजाराने नाही. ७४ लाख कमी आहेत की नाहीत, हे ८५ शी ताडून कळणार नाही. ते दोन गोष्टींशी ताडायचं: तुमच्या इमारतीत आणि शेजारच्या दोन-तीन इमारतींत प्रत्यक्षात नोंदलेले व्यवहार, आणि पुढची ऑफर येईपर्यंत थांबण्याचा खर्च.

नोंदलेले व्यवहार बघायला कोणाला विचारत बसायची गरज नाही. नोंदणी व मुद्रांक विभागाच्या संकेतस्थळावर ई-सर्चची मोफत सोय आहे. जिल्हा, गाव आणि सर्व्हे नंबर किंवा सिटी सर्व्हे नंबर टाकून वर्षानुसार दस्त शोधता येतात. सर्व्हे नंबर तुमच्याच करारनाम्यात आहे. निघालेल्या प्रत्येक इंडेक्स टू मध्ये (नोंदलेल्या दस्ताचा सारांश) 'मोबदला', 'बाजारभाव' आणि क्षेत्रफळ असतं. मोबदला म्हणजे दस्तात लिहिलेली किंमत. बाजारभाव म्हणजे रेडी रेकनरने (सरकारी दरतक्त्याने) काढलेलं मूल्य, त्याचा खऱ्या बाजाराशी संबंध असेलच असं नाही. गेल्या बारा महिन्यांतले तीन-चार व्यवहार पुरतात. त्याहून जुने घेऊ नका.

क्षेत्रफळात मात्र हमखास घोळ होतो. एका दस्तात कार्पेट चौरस मीटरमध्ये, दुसऱ्यात बिल्टअप (भिंतींसह) चौरस फुटांत, तिसऱ्यात टेरेस वेगळा. सगळं कार्पेट चौरस फुटांवर आणा (१ चौरस मीटर म्हणजे १०.७६४ चौरस फूट) आणि मगच दर काढा. ब्रोकर तोंडी जो दर सांगतात तो बहुतेक वेळा सेलेबल एरियावर (जिना-लिफ्टसारख्या सामाईक जागेचा वाटा धरून) असतो. त्याला तुमच्या कार्पेटने गुणलं तर आकडा खाली पडतो, आणि समोरच्याच्या कार्पेट दराला तुमच्या सेलेबलने गुणलं तर तो फुगतो. मागणीचा आकडा अवास्तव होण्यामागे निम्म्या वेळा हीच गफलत असते. दुसरं कारण पोर्टलवरच्या जाहिराती. तिथे दिसते ती मागणी. जे फ्लॅट विकले गेले ते तिथून निघून गेलेले असतात, आणि जास्त दिवस दिसत राहतात ते न विकलेले. म्हणजे तुम्ही अपयशी भावांची सरासरी काढत असता.

उदाहरणासाठी धरू की शोधात तीन व्यवहार मिळाले: कार्पेट चौरस फुटाला १०,९००, ११,२०० आणि ११,६००. ६९० ने गुणलं की साधारण ७५.२ लाख, ७७.३ लाख आणि ८० लाख. मग चित्र वेगळं दिसतं. ८५ ची मागणी सगळ्यात वरच्या व्यवहाराच्याही ५ लाख वर होती, म्हणून ऑफर येत नव्हत्या. आणि ७४ ची ऑफर मधल्या आकड्यापेक्षा सव्वातीन लाखांनी कमी आहे, ११ लाखांनी नव्हे. सव्वातीन लाखांची घासाघीस होऊ शकते. ११ लाखांच्या फरकावर लोक नुसते चिडतात.

या आकड्यांत थोडी वजाबाकी-बेरीज करावी लागेल. लिफ्ट नसलेल्या इमारतीत तिसरा-चौथा मजला, उन्हाळ्यात टँकर, गळती, रस्त्याकडची बेडरूम यांचं कमी धरा. पार्किंगचं जास्त धरायचं असेल तर ते करारनाम्यात किंवा सोसायटीच्या वाटपाच्या ठरावात तुमच्या नावे दिसायला हवं. सोसायटीच्या आवारातली मोकळी जागा बिल्डरला विकता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्येच सांगितलंय. त्यामुळे 'बिल्डरने तोंडी दिलेलं' पार्किंग भावात मिळवू नका. मॉड्युलर किचन आणि फर्निचरचे पैसेही जवळजवळ परत येत नाहीत. त्यामुळे फ्लॅट लवकर जातो, पण महाग जात नाही.

पुनर्विकासाची चर्चा चालू असलेल्या जुन्या इमारतींचं गणित निराळं आहे. सोसायटीने ४ जुलै २०१९ च्या शासन निर्णयाप्रमाणे ७९-अ ची (सहकार कायद्यातल्या कलमाखालची पुनर्विकासाची) प्रक्रिया पुरी करून विकासक नेमला असेल, तर जुन्या कार्पेटच्या दराने आलेली ऑफर खरोखरच कमी असते, कारण घेणारा नव्या वाढीव क्षेत्राचा हिशेब करून आलेला असतो. नुसतं "आमच्याकडे रीडेव्हलपमेंट होणार आहे" एवढ्यावर कोणी जास्त देत नाही, आणि कन्व्हेयन्स (जमिनीची मालकी सोसायटीच्या नावे होणं) झालेलं नसेल तर ते वाक्य न बोललेलंच बरं.

आता थांबण्याचा खर्च. हा कोणी काढत नाही, कारण तो एकरकमी खिशातून जात नाही. या फ्लॅटपुरतं बघू. मेंटेनन्स महिन्याला ३,५०० धरा, मिळकत कर १,०००. ११ लाखांवर ८.५ टक्क्यांनी व्याज साधारण ७,८००. हप्त्यातलं फक्त व्याज मोजायचं, मुद्दल नाही, ते तुमचंच कर्ज कमी करतं. शिवाय कर्ज आणि दलाली जाऊन जे ६२ लाख हातात पडणार, त्यांवर साडेसहा टक्क्यांनी न मिळालेलं व्याज ३३,६००. बेरीज महिन्याला ४६ हजारांच्या आसपास, सहा महिन्यांत पावणेतीन लाख.

म्हणजे सहा महिन्यांनी ७८ लाखांची ऑफर आली, तर त्यातून पावणेतीन लाख थांबण्याचे, चाळीसेक हजार भांडवली नफ्याचा कर (त्याचा हिशेब पुढे आहे) आणि थोडी वाढीव दलाली वजा जाऊन आजच्या हिशेबाने ती ७४.८ लाखांची होते. आजच्या ऑफरपेक्षा फक्त ८० हजार जास्त, आणि तीही आली तर. ८० लाख मिळण्याची शक्यता अर्धी आणि पुन्हा ७४ वरच येऊन थांबण्याची अर्धी धरली, तर सरासरी ७३.८ येते, म्हणजे आजच्यापेक्षा कमी. उलट दोन महिन्यांत ७९ मिळण्यासारखे असतील तर ते आजचे ७७.४ होतात, तेव्हा थांबण्यात अर्थ आहे. दोन्ही उदाहरणांत फरक पडतो तो वेळेमुळे. म्हणून स्वतःला विचारा: गेल्या महिन्यात किती जण बघायला आले आणि त्यांतले किती दुसऱ्यांदा आले? दुसऱ्यांदा, घरच्यांना किंवा आई-वडिलांना घेऊन येतो तोच गिऱ्हाईक. दर आठवड्याला असा एखादा येत असेल तर दोन महिने थांबा. महिन्याभरात एकही आला नसेल तर आधी मागणी ८५ वरून ८१ च्या आसपास आणा, मग ऑफरला कमी म्हणा.

घर भाड्याने दिलेलं असेल तर भाडं या खर्चातून वजा करा. २० हजार भाडं येत असेल तर थांबणं महिन्याला २६ हजारांत पडतं आणि घाई निम्मी होते. मात्र भाडेकरू असलेला फ्लॅट दाखवणं अवघड, आणि कर्ज काढून राहायला येणाऱ्याला ताबा हवा असतो. लिव्ह अँड लायसन्स करारात एक महिन्याच्या नोटिशीची अट दोन्ही बाजूंना आहे ना, ते बघून घ्या.

७४ लाखांतले हातात किती

कराचा आकडा आधी काढा, कारण काहींच्या बाबतीत निर्णय तिथेच होतो. दोन वर्षांपेक्षा जास्त ठेवलेलं घर विकलं की दीर्घकालीन भांडवली नफा. २३ जुलै २०२४ पासून दर १२.५ टक्के, महागाई निर्देशांकाचा (खरेदीची किंमत महागाईप्रमाणे वाढवून धरण्याचा) लाभ नाही. पण त्या तारखेआधी घेतलेल्या घराला, निवासी भारतीय व्यक्तीला आणि हिंदू अविभक्त कुटुंबाला, निर्देशांक लावून २० टक्के ही जुनी पद्धत कर कमी करत असेल तर तिचा फायदा मिळतो. दोन्ही हिशेब करून बघायचे.

इथे २०१२-१३ चा निर्देशांक २०० आणि २०२५-२६ चा ३७६. त्या वर्षात विक्री धरली तर ४० लाखांचे ७५.२ लाख होतात. ७४ लाखांना विकल्यास या पद्धतीने नफाच उरत नाही, कर शून्य. निर्देशांकाशिवाय, १ टक्का दलाली वजा धरून, हाच कर उपकरासह ४.३२ लाख आला असता. (पुढच्या वर्षात व्यवहार गेला तर त्या वर्षीचा निर्देशांक घ्या. जुन्या पद्धतीने तोटा दिसला तरी तो पुढच्या वर्षांत ओढता येत नाही.) म्हणजे दलाली वजा धरून तुमच्या बाबतीत ७६ लाखांपर्यंत कर नाही, त्यावरच्या प्रत्येक लाखाचे साधारण २१ हजार करात जातात. घरच्यांना हव्या असलेल्या ८० लाखांतले ८३ हजार सरकारचे.

ज्यांना मोठा कर बसतो, त्यांच्यासाठी तारीख किमतीपेक्षा महाग असू शकते. नवं घर आधीच घेतलेलं असेल, तर जुन्याच्या नफ्यावर सूट मिळायला जुनं घर नव्याच्या खरेदीनंतर एक वर्षाच्या आत विकलेलं असावं लागतं. समजा दोन्ही पद्धतींनी कर ९ लाखांच्या खाली येत नाही आणि वर्ष पुरं व्हायला सात आठवडे उरलेत. अशा वेळी ४ लाख जास्त मिळावेत म्हणून थांबणारा ९ लाखांचा जुगार खेळत असतो. उलट क्रमाने, म्हणजे जुनं विकून नवं घेणाऱ्याला दोन वर्षं मिळतात, बांधणाऱ्याला तीन. तिथे घाईचं हे कारण नाही. फक्त विवरणपत्राच्या मुदतीपर्यंत न वापरलेली रक्कम बँकेच्या भांडवली नफा खात्यात ठेवावी लागते. घर घ्यायचंच नसेल तर सहा महिन्यांच्या आत ५० लाखांपर्यंत ठरावीक सरकारी कंपन्यांच्या रोख्यांत गुंतवता येतात, पाच वर्षं अडकतात. आयकराचा नवा कायदा १ एप्रिल २०२६ पासूनचा असल्याने ५४ वगैरे ओळखीचे कलम-क्रमांक बदललेत. सीएशी बोलताना क्रमांकापेक्षा तारखांवर बोला.

परदेशात राहणाऱ्या विक्रेत्याला वरची निर्देशांकाची सवलत नाही, आणि त्याच्या बाबतीत घेणाऱ्याने नेहमीचा १ टक्का नव्हे तर साडेबारा टक्के अधिक अधिभार-उपकर असा टीडीएस (पैसे देतानाच कापलेला आयकर) कापायचा असतो. आयकर खात्याचं कमी दराने कापण्याचं प्रमाणपत्र हातात नसेल तर घेणारे तो पूर्ण किमतीवर कापतात. ७४ लाखांवर तो साडेदहा लाखांच्या घरात जातो आणि परताव्यापर्यंत अडकतो. शिवाय या कटकटीपोटी घेणारा भाव पाडूनच बोलतो. ते प्रमाणपत्र जाहिरात देतानाच मागायला घ्या, ऑफर आल्यावर नव्हे.

रेडी रेकनरची खालची कड

कमी ऑफरच्या बाबतीत सगळ्यात दुर्लक्षित गोष्ट ही. दस्तातली किंमत रेडी रेकनरच्या मूल्यापेक्षा कमी असली तरी मुद्रांक शुल्क त्या मोठ्या मूल्यावरच लागतं. हे सगळ्यांना माहीत असतं. पुढचं माहीत नसतं. रेकनरचं मूल्य दस्तातल्या किमतीच्या ११० टक्क्यांपेक्षा जास्त झालं, की आयकराच्या हिशेबात तुम्ही ते पूर्ण मूल्य मिळालं असं धरलं जातं, आणि घेणाऱ्याच्या बाबतीत दोन्हींतला फरक त्याचं उत्पन्न समजला जातो.

तुमच्या फ्लॅटचं मूल्य ७० लाख निघत असेल तर काळजी नाही. पण समजा ते ८२ लाख निघालं. ७४ लाखांचे ११० टक्के ८१.४ लाख, म्हणजे मर्यादा ६० हजारांनी ओलांडली. तुमचा कर शून्यावरून सव्वा लाखावर जातो आणि ३० टक्क्यांच्या पट्टीतल्या घेणाऱ्याला ८ लाखांवर जवळजवळ अडीच लाख कर बसतो. हीच किंमत ७४ लाख ५५ हजार केली तर दोघांचाही हा कर नाहीसा. ५५ हजार जास्त देऊन घेणारा अडीच लाख वाचवतो. घासाघिशीत याहून चांगला मुद्दा सापडणार नाही, आणि तो भांडणाचा नाही, दोघांच्या फायद्याचा आहे.

म्हणून उत्तर देण्याआधी मूल्य काढून घ्या. तक्त्यातला दर नुसता क्षेत्रफळाने गुणू नका. जुन्या इमारतीला वयानुसार घसारा मिळतो, वरच्या मजल्यांना वाढ लागते, आणि दर बिल्टअपवर असतो. दुय्यम निबंधक कार्यालयाबाहेरचे दस्तलेखनिक किंवा तुमचा वकील दहा मिनिटांत आकडा देतो. मूल्य बाजारापेक्षा खरंच जास्त लावलंय असं वाटत असेल तर आयकर अधिकाऱ्याकडे ते मूल्यनिर्धारण अधिकाऱ्याकडे पाठवण्याची मागणी करता येते. होतं, पण वेळ जातो.

याच संदर्भात '७० चेकने आणि ८ रोख' अशा ऑफरचं बोलून टाकू. ती ७८ ची ऑफर नाही, ७० ची आहे. स्थावर मालमत्तेच्या व्यवहारात २० हजार किंवा त्याहून जास्त रोख घेणाऱ्याला तेवढ्याच रकमेचा दंड होऊ शकतो, आणि तो घेणारा म्हणजे तुम्ही. शिवाय ते ८ लाख नव्या घरासाठी दाखवता येत नाहीत. दस्तात किंमत खाली लिहिल्याने रेकनरची कड ओलांडली जाते ते वेगळंच.

घेणाऱ्याची ताकद

७४ लाख देतो म्हणणारे दोन प्रकारचे असतात. एकाकडे पैसे आहेत आणि तो भाव पाडतोय. दुसऱ्याला ७८ द्यायचे आहेत, पण त्याच्याकडे नाहीत. दोघांना एकच उत्तर देऊन चालत नाही.

रेकनरचं मूल्य ७० लाख धरून घेणाऱ्याच्या खिशातून काय जातं ते बघा. ३० ते ७५ लाखांच्या कर्जात बँक किमतीच्या ८० टक्क्यांपर्यंत देऊ शकते, आणि त्या किमतीत मुद्रांक-नोंदणी धरत नाही. ७४ लाखांवर कर्ज ५९.२ लाख. स्वतःचे १४.८ लाख, पुण्यात मुद्रांक शुल्क अधिभारांसह ७ टक्के म्हणजे ५.१८ लाख, नोंदणी ३० हजार. एकूण २०.२८ लाख रोकड (म्हणजे कर्जाबाहेरचे, स्वतःच्या खात्यातले पैसे) हवी. हीच किंमत ७७ केली तर कर्ज ६१.६ लाख होतं आणि स्वतःची रक्कम २१.०९ लाख. म्हणजे तुम्हाला ३ लाख जास्त मिळतात, त्याला आज फक्त ८१ हजार जास्त काढावे लागतात आणि २० वर्षांच्या हप्त्यात साधारण २,१०० रुपये वाढतात. हे गणित कागदावर मांडून दाखवलं की "परवडत नाही" म्हणणारा पुष्कळदा परवडण्यात येतो.

पण एक अडचण असते. बँक करारातली किंमत आणि तिच्या मूल्यांककाने काढलेली किंमत यांतली जी कमी असेल ती धरते. मूल्यांककाने ७४ च काढले तर ७७ ला घेणाऱ्याला ३.२ लाख जास्त रोकड लागते, आणि तिथे व्यवहार मोडतो. म्हणून मघाच्या तीन इंडेक्स टू च्या प्रती घेणाऱ्याला द्या, त्याने त्या बँकेच्या मूल्यांककाला दाखवाव्यात. नोंदलेला व्यवहार समोर असला की मूल्यांककाला वर जायला आधार मिळतो.

आणखी एक सोपी गोष्ट. घर फक्त महिलेच्या किंवा महिलांच्या नावावर घेतलं तर मुद्रांक शुल्कात १ टक्का सवलत आहे. ७७ लाखांवर ७७ हजार. नवरा-बायको दोघांच्या नावावर घेतलं तर ती जाते, आणि बऱ्याच घेणाऱ्यांना हे माहीत नसतं.

ताकद ओळखायला विचारायचं ते असं: बँकेचं सॅन्क्शन लेटर आहे की नुसतं तत्त्वतः मंजुरीचं पत्र? स्वतःची रक्कम आज खात्यात आहे की त्याचंही एक घर विकलं जायचंय? करार किती दिवसांत नोंदवणार? स्वतःचं घर विकून घेणाऱ्याची ७८ ची ऑफर ही सॅन्क्शन हातात असलेल्याच्या ७५ पेक्षा कमकुवत असू शकते, कारण त्याचा गिऱ्हाईक फिरला की तुमचे तीन महिने जातात. वर काढलेल्या हिशेबाने ते १.४ लाख.

ऑफर कमी येण्याचं कारण कधी कधी तुमच्या फाइलमध्येच असतं. भोगवटापत्र (इमारत राहण्यायोग्य असल्याचा महापालिकेचा दाखला) नाही म्हटल्यावर बऱ्याच बँका कर्ज देत नाहीत, मग उरतात फक्त रोकडवाले, आणि रोकडवाला भाव पाडणारच. भाग दाखला (सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट) अजून मागच्या मालकाच्या नावावर, सहमालक वारलेले आणि वारसांचं हक्कसोडपत्र झालेलं नाही (नॉमिनी म्हणजे मालक नव्हे), आधीच्या कराराची मूळ साखळी अपुरी, सोसायटीची थकबाकी, यांपैकी काही असेल तर ते दुरुस्त करायला लागणारे पैसे आणि महिने मोजा. भाग दाखल्यासारखी गोष्ट महिन्या-दीड महिन्यात सुटते, तेव्हा ती आधी सोडवा आणि मग भावाचं बोला. भोगवटापत्र तुमच्या एकट्याच्या हातात नाही. तिथे कमी भाव हाच खरा भाव मानावा लागतो.

कर्ज बाकी असल्याचं ओझं घेऊ नका. बदलत्या दराच्या गृहकर्जावर मुदतपूर्व फेडीचा दंड नसतो. बँकेकडून फोरक्लोजरची (कर्ज पूर्ण फेडून बंद करण्याची) रक्कम आणि ठेवलेल्या कागदांची यादी आधी मागवून ठेवा. घेणाऱ्याची बँक तेवढे पैसे थेट तुमच्या बँकेला भरते. कर्ज पूर्ण फिटल्यापासून ३० दिवसांत मूळ कागद परत देणं बँकेवर बंधनकारक आहे, उशिराला दिवसाला ५,००० रुपये भरपाई. हे लेखी दाखवलं की 'कर्ज आहे म्हणून दोन लाख कमी करा' हा मुद्दा गळून पडतो.

उत्तर कसं द्यायचं

फोनवर आकडा सांगू नका. "७४ जमणार नाही, पण तुमचं सॅन्क्शन आणि तारखा कळवा, मग दोन दिवसांत आकडा सांगतो," एवढंच. नाराजी दाखवू नका. ७४ वाला बहुतेकदा ७६-७७ ला तयार होऊनच आलेला असतो.

मग आकडा द्या, पण मधला नव्हे. ७४ आणि ८५ चा मध्य ७९.५ आहे हे समोरचाही जाणतो. तुम्ही थेट ७९.५ म्हणालात तर तो ७४ आणि ७९.५ चा मध्य काढत बसेल. ८०.५ पासून सुरू करा, सोबत तीन इंडेक्स टू. पुढची उतरण छोटी ठेवा: ७९, मग ७८.२५. प्रत्येक उतरणीला एक अट जोडा. विसार पाच लाखांचा हवा, करार तीस दिवसांत नोंदवायचा, सोसायटीचं हस्तांतरण शुल्क घेणाऱ्याचं. (महापालिका हद्दीत ते २५ हजारांपेक्षा जास्त घेता येत नाही. सोसायटी 'देणगी' मागत असेल तर ते भावात मिसळू देऊ नका.) अटीशिवाय उतरलात की समोरच्याला कळतं, अजून खाली जागा आहे.

दलालीचंही बोला. पुण्यात १ ते २ टक्के चालते. ७४ आणि ७७ मध्ये तुमचे ३ लाख असतात, ब्रोकरचे १ टक्क्याने ३ हजार. त्याला व्यवहार या आठवड्यात व्हायला हवा आहे, तीन लाख जास्त नव्हे. "देऊन टाका" या सल्ल्यात वाईट हेतू नसतो, पण गणित त्याचं असतं. ७६ पर्यंत १ टक्का आणि त्यावरच्या रकमेवर १० टक्के असं ठरवलं तर त्याचा सूर बदलतो.

तुमच्या फ्लॅटसाठी माझा हिशेब असा. तळ ७६. घेणाऱ्याकडे सॅन्क्शन आहे आणि तीस दिवसांत करार करतोय, तर ७६ ला हो म्हणा. तो ७५ वर अडला आणि गेल्या महिन्यात दुसऱ्यांदा बघायला कोणीच आलं नसेल, तर ७५ लाही सोडू नका, कारण सहा महिन्यांनंतरचे ७८ आजच्या पावणेपंचाहत्तरच्याच आसपास असतात. तो ७४ वरून हललाच नाही तर नाही म्हणा, मागणी ८१ वर आणा आणि सहा आठवडे द्या. त्याचा नंबर मात्र ठेवा. भाव पाडणारा गिऱ्हाईक तीन-चार आठवड्यांनी परत फोन करतो, विशेषतः त्याने पाहिलेला दुसरा फ्लॅट गेला की.

आकडा ठरला की विसार पावती लगेच, त्याच आठवड्यात. तीत एकूण किंमत, विसाराची रक्कम आणि चेक क्रमांक, साठेखत (विक्रीचा करार) नोंदवण्याची शेवटची तारीख, आणि त्या दिवशी मिळायची रक्कम लिहा. कर्ज नामंजूर झालं तर काय, हेही लिहा: बँकेचं लेखी नकारपत्र आणल्यास विसार परत, नुसतं मन बदललं तर ठरलेली रक्कम जप्त. (जप्त केलेला विसार त्या वर्षीच्या उत्पन्नात धरून करपात्र होतो, हे लक्षात असू द्या.) किंमत ५० लाख किंवा त्याहून जास्त असल्याने घेणारा १ टक्का टीडीएस कापेल, तो तुमच्या पॅनवर दिसेपर्यंत पाठपुरावा करा. पूर्ण रक्कम येईपर्यंत मूळ कागद आणि किल्ली देऊ नका. "रंगकाम सुरू करतो, किल्ली द्या" हीसुद्धा किल्लीच. एकदा सामान आत गेलं की उरलेल्या पैशांवर नवी घासाघीस सुरू होते.

आणि विसाराचा चेक वटेपर्यंत जाहिरात उतरवू नका. येणाऱ्यांना फ्लॅट दाखवत राहा, "बोलणी चालू आहेत" एवढं खरं सांगून.